सात नंबरच्या पाठीमागून

८ मार्च

हमाल म्हणायचं काय काम होतं पण? ते बी चहाच्या टपरीवर, लोकांसमोर. मागं एकदा म्हणाला तेव्हा सोडून दिलं. शाळेजवळ म्हणाला तेव्हा ऐकूच आलं नाही असं केलं. आज मात्र उभाच राहिलो. म्हटलं, "नागसेनभाऊ, मी फील्ड असिस्टंट आहो."

"हो ना बे," म्हणे, "फील्डमधला हमाल."

सगळे हसले. भजी तळणारा बी हसला, अन् माझीच उधारी असते त्याच्याकडे.

हा नागसेन म्हणजे इथला जंगलखात्याचा बीटगार्ड. अंगावर खाकी आहे म्हणून बोलते. नोकरीला लागून त्याला दोनच वर्षं झाली, तो बी गोंदियाकडचा, इथला नाही. मी बी इथला नाही. जिवतीच्या डोंगरातून या सिंदेवाहीच्या जंगलात आलो त्याला दोन महिने होतील. त्याच्याआधी गडचांदूरले ट्रकवर क्लीनर होतो. त्याच्याआधी सांगण्यासारखं काही नाही. एका जागी बसलो की मला अंगात किडे फिरल्यासारखं होते.

आता नागपूरच्या कॉलेजातल्या दोन विद्यार्थ्यांसोबत आहे, माधवी मॅडम अन् तौसीफ सर. त्यांचं शेवटचं वर्ष आहे. वाघांचा अभ्यास करतात. झाडांना गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरे बांधायचे, समोरून काही गेलं की तो डबा आपोआप फोटो काढते. बांधणं, आठ दिवसांनी बॅटरी बदलणं, कार्ड काढून आणणं, हे माझ्याकडे. याला हमाली म्हणतात काय?

मॅडम म्हणाल्या, फील्डवरच्या माणसानं रोज लिहावं. त्या लिहितात, सर लिहितात. म्हणून मी बी. नववीनंतर पेन आत्ताच धरला.

११ मार्च

आज सरांनी वाघाचे पाय, म्हणजे ठसे, वाचायला शिकवले. नराचा पंजा चौकोनात बसते, मादीचा लांबट असते. मी ओल्या रेतीत लगेच ओळखला. सर म्हणाले, "वा मिथुन." मॅडम म्हणाल्या, याला शिकवलं तर हा आपल्यापेक्षा पुढं जाईल.

संध्याकाळी मायचा फोन. तिनं तिकडे आमच्या टोल्यावर, सगळ्या वस्तीला सांगून ठेवलं आहे की मिथुन वाघाचा डॉक्टर झाला. मी नाही म्हणालो नाही. तिकडे ज्वारीत अस्वल येऊन राहिलं म्हणे, काय करावं? मी सांगितलं, डबे वाजवा, वाऱ्याची दिशा पाहा, पिल्लं असतील तर लांब राहा. वाऱ्याच्या दिशेचं माझं मलाच नवल वाटलं. कुठून आलं कोण जाणे. पण शोभलं.

१५ मार्च

मोहाची फुलं पडायला लागली, ती येचून वाळवून विकतात. इथल्या टोल्यातल्या बायका अंधार असतानाच टोपल्या घेऊन नाल्यापल्याड जातात. प्रत्येकीची झाडं ठरलेली आहेत. खालचा पाला साफ करून ठेवतात अन् झाडाला फडकं बांधतात, म्हणजे दुसरी कोणी हात लावत नाही. जेमतेम महिन्याभराचा खेळ, पण त्याच्यावर घर चालते.

मी जिच्या घरी राहतो ती अंजनाबाई आज ओसरीवर माझी वाटच पाहत होती. पन्नाशीची असेल, नवरा नाही, पोरगी गडचिरोलीले शिकते. तिची दोन झाडं नाल्याला लागूनच आहेत.

"मिथुन, तो तुमचा डबा काढ तिथून."

"कोणता, बाई?"

"नाल्याच्या वाटेवरचा. आम्ही लुगडं खोचून वाकून राह्यतो, तो टकमक पाहून राह्यते. नागपूरच्या साहेबाईनं आमचे ढुंगणं पाहावं काय?"

मी म्हटलं, बाई, वाघाचे फोटो निघतात त्याच्यात.

"वाघ काय लुगडं नेसते? आमचेच निघत असतील. सुगंधाबाई तर त्याच्यापुढून पदर घेऊन जाते, सासऱ्यापुढून गेल्यावाणी."

बोलणं खरं होतं. तो सात नंबरचा कॅमेरा. काढला असता तर मॅडम ओरडल्या असत्या. म्हणून जाऊन त्याचं तोंड वाटेवरून फिरवून नाल्याच्या दरडीकडे केलं. पट्टा घट्ट बांधला. कार्ड बी तेव्हाच नवीन टाकलं, बॅटरी बी. बाई खूश. म्हणाली, "तुझं ऐकते बाप्पा सरकार." रात्री जेवताना दोन बोंबलं जास्त टाकली ताटात.

लोकांना सोबत घेऊन काम कसं करायचं ते मॅडमनं माझ्याकडून शिकावं. एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांना काय सांगायचं.

१८ मार्च

मुखरू म्हाताऱ्याचा गोऱ्हा वाघिणीनं धरला. नाल्याच्या वरच्या अंगाले. नागसेन आला अन् सरळ सांगितलं, "नाल्यापल्याड कोणी जायचं नाही. मोह-बिह बंद." डोक्यामागं घालायचे मुखवटे वाटले. माणसाचा चेहरा छापलेला. जनावर मागून येते, चेहरा दिसला तर येत नाही म्हणतात.

अंजनाबाई मुखवटा घालून ओसरीभर फिरली. "आता माह्या मागून कोणी बोलू नका, मी पाहून राह्यली." सगळ्या हसल्या. पण हसणं तेवढंच. तिकडे फुलं पडून राहिली अन् हरणं खाऊन राहिली. बाई दुपारभर नाल्याकडे तोंड करून बसली होती. पोरीच्या वसतिगृहाचं, घरच्या तेलामिठाचं, भीमजयंतीच्या साडीचं, सगळं त्या दोन झाडांवर आहे.

"काऊन रे मिथुन," म्हणे, "तुमच्या डब्याईले माहीत राह्यते ना ती कुठी हाय ते?"

मी म्हटलं, माहीत राह्यते. दोन-चार दिवस थांबा.

२२ मार्च

आज कार्डं काढून आणली. जेवणं तशीच राहिली, मॅडम लॅपटॉपपुढून उठल्याच नाहीत. वाघीण एकोणीस नंबरमध्ये आली, पार उत्तरेच्या टेकडीकडे. दोन वेळा. नाल्याच्या बाजूच्या कॅमेऱ्यांत कुठंच नाही.

"ती सरकलीय," मॅडम म्हणाल्या. उभ्याच राहिल्या. "गोऱ्हा खाऊन उत्तरेला गेली. बघ, अगदी स्पष्ट आहे."

सर म्हणाले, "चार दिवसांवरून? माधवी, आपण प्रबंध लिहितोय. वाघाची जबाबदारी घेतलेली नाही. आधी गाईड सरांना फोन लाव."

"गाईड सर दोन वर्षांत एकदा इथं आलेत. जंगल मी ओळखते."

"आपल्याला इथं येऊन पाचच महिने झालेत."

मग सरांनी विचारलं, सात नंबर पूर्ण कोरा कसा? एकही फोटो नाही? अठरा तारखेपर्यंत तर बायका जातच होत्या. बॅटरी गेली का?

मी म्हटलं, "नाही सर, बॅटरी नवीन आहे. मी स्वतः टाकली." खरंच टाकली होती. तोंड फिरवल्याचं सांगणार होतो, तेवढ्यात मॅडमनं नकाशा उघडला अन् मला म्हणाल्या, "मिथुन, तुला काय वाटतं?"

मला कोणी असं विचारलं नव्हतं कधी. मालकानं नाही, बापानं नाही. मी नकाशावर बोट ठेवलं अन् म्हटलं, गेली मॅडम.

२३ मार्च

विहाराच्या ओट्यावर सभा झाली. नागसेन नव्हता, आगीच्या ड्युटीवर गेला होता. मॅडमनं मस्त सांगितलं. हालचालीचा पट्टा, उत्तरेकडचं स्थलांतर, आमच्या अभ्यासानुसार शक्यता कमी. सर मागं भिंतीला टेकून खाली पाहत होते.

बायकांना काही समजलं नाही. शक्यता म्हणजे जायचं का नाही जायचं? सगळ्या माझ्याकडे वळल्या.

अंजनाबाई म्हणाली, "ते राहू दे बाप्पा. मिथुन, तू सांग. जाव का नाई?"

मॅडम माझ्याकडे पाहून राहिल्या. मी उठलो. अंगात ते टीमचं जॅकेट होतं, पाठीवर वाघ छापलेला.

म्हटलं, "जा. सात नंबर तुमच्याच वाटेवर आहे अन् तो कोरा आहे. ती तिथून गेली असती तर दिसली असती. माझ्या शब्दावर जा."

मग म्हातारा मुखरू म्हणाला, "पोट्टा लहान हाय, पण मुद्द्याचं बोलला."

२४ मार्च

भरून आणल्या टोपल्या! अंगणात मोह वाळत घातला आहे, पाय ठेवायला जागा नाही. घरभर तो गोडसर वास. सुगंधाबाईनं मला "साहेब" म्हटलं, थट्टेत का असेना.

दुपारी नागसेन गाडी टाकून आला. "कोणाच्या परवानगीनं सोडलं बे यांना?"

"अभ्यास झाला आहे भाऊ. डेटा आहे."

"तुले माहीत हाय ती कुठी हाय?"

"उत्तरेला."

"मले नाई माहीत," म्हणे. "साहेबालेबी नाई माहीत. म्हणूनच बंद केलं होतं."

आता सांगा. खाकी घालून माहीत नाही म्हणते, अन् वर मलाच हमाल म्हणते. बायकांनी त्याचं ऐकलं नाही. म्हणाल्या, मिथुननं सांगतलं. तो मॅडमकडे गेला, तिथं बी त्यांचा आवाज चढला. जाताना बोलला की वर कळवतो. कळव.

२५ मार्च

झोप नीट होत नाही. आनंदानंच असेल. सकाळी टेकडीवर गेलो, खाली आलो, परत गेलो. मायला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणे, तुझ्या मामानं मुलगी पाहून ठेवली, पोरगा वाघाच्या खात्यात साहेब आहे असं सांगितलं. मी म्हटलं, पाहू.

मोह संपला की सात नंबरचं तोंड परत वाटेकडे करायचं आहे. विसरायला नको.

२७ मार्च

अंजनाबाईला वाघिणीनं धरलं. जिवंत आहे. गडचिरोलीले नेलं.

२८ मार्च

मी तिथं नव्हतो. सरांसोबत उत्तरेच्या टेकडीवर होतो, जिथं वाघीण आहे म्हणून सांगितलं त्याच टेकडीवर. तिथं मोबाइल लागत नाही. खाली आलो तेव्हा टोला रिकामा होता.

सुगंधाबाईनं सांगितलं तसं लिहितो. पाच जणी होत्या, आपापल्या झाडाखाली. बाई नाल्याकडच्या झाडाखाली वाकलेली. मुखवटा तिनं काढून झाडालाच टांगला होता, फडक्याच्या जागी, माझं झाड म्हणून. "जनावर नाई तं कायले डोक्याले त्रास," म्हणाली होती. वाघीण दरडीच्या झुडपातून आली. आवाज नाही काही नाही. उजव्या खांद्याला धरलं. बाकीच्या चौघी पळाल्या नाहीत. टोपल्या फेकल्या, डबे आपटले, शिव्या दिल्या. सुगंधाबाई, जी कॅमेऱ्यापुढून पदर घेऊन जायची, ती काठी घेऊन पुढं गेली. तेव्हा सोडलं.

सकाळी नागसेन अन् खात्याची माणसं तिकडे गेली. मी बी गेलो, मला कोणी ये म्हटलं नव्हतं. फुलं तशीच पडली होती. काही लाल झालेली. मुखवटा फांदीवर हसून राहिला होता.

मग नागसेन वाटेवर बसला. धुळीत पाय होते. लांबट. सर्वांत वरचे ताजे, खाली जुने, त्याच्याखाली अजून जुने, कडा ढासळलेल्या. रोजची वाट असल्यासारखे. ते सात नंबरच्या झाडापाशी येऊन त्याच्या पाठीमागून गेले होते. झाडाला घासून, एवढ्या जवळून. कॅमेरा दरडीकडे तोंड करून बसला होता, मी बांधला तसा. पट्टा घट्ट.

नागसेननं एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं आता हमाल म्हणेल. म्हणावं असं बी वाटलं. तो परत खाली वाकून पाय मोजायला लागला.

२९ मार्च

बॅग भरली. जिवतीची गाडी चंद्रपूरहून मिळते. स्टँडपर्यंत गेलो. परत आलो. अंगणात बाईचा मोह वाळून राहिला होता, कोणीतरी हलवायला पाहिजे होता. हलवला.

३० मार्च

गडचिरोलीले दवाखान्यात गेलो. बाईची पोरगी सरिता खाटेजवळ बसली होती. तिनं माझ्यासाठी स्टूल सरकवला, तिला काही माहीत नसावं. बाईचा खांदा, हात सगळा पट्टीत. बोटं हलत नाहीत. डॉक्टर म्हणतात पाहू.

मी गेलो तेव्हाच खात्याचे साहेब जबाब घ्यायला आले होते. विचारलं, बंदी असताना जंगलात कशाला गेलात? कोणी सांगितलं होतं जायला?

मी स्टुलावरून उठलो.

बाई म्हणाली, "कोन सांगनार जी? मोह पडत होता, गेलो."

साहेबांनी दोन-तीनदा विचारलं. ती तेच बोलली. ते गेले. सरिता चहा आणायला गेली. मी म्हटलं, बाई, कॅमेरा मी फिरवला होता. त्याचं तोंड तिकडे होतं म्हणून तो कोरा राहिला.

"माहीत हाय. मीच म्हटलं होतं फिरव म्हणून."

मला एकदम हलकं वाटलं. खोटं कशाला लिहू, वाटलं हलकं. म्हटलं, हो ना बाई, तुम्हीच म्हटलं होतं ना.

तिनं डोळे उघडले. "डबा फिरव, एवढं मीनं म्हटलं, मिथुन. जा म्हणून मीनं नाई म्हटलं. ते तूनं म्हटलं."

मग म्हणाली, "अंगनातला मोह हलवत जा. बुरशी लागते."

२ एप्रिल

मॅडमना सांगितलं. सात नंबरचं सगळं. वाटलं ओरडतील, मारतील. त्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "एका कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलास मिथुन. सगळे बरोबर असते तरी चार दिवसांवरून कोणी असं बोलत नाही. हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलंय. परीक्षेत लिहिलंय मी." अन् रडायला लागल्या.

मी म्हटलं, रडू नका मॅडम.

त्यांनी खात्याला लेखी कळवलं की बायकांना जंगलात आम्ही पाठवलं, बंदी आमच्या बोलण्यामुळे मोडली. सरांनी बी सही केली, ते बोलले नव्हते तरी. मी म्हटलं, माझं बी नाव टाका. मॅडम म्हणाल्या, तुझं कशाला, तू तर फक्त. अन् थांबल्या.

फक्त काय ते मला माहीत होतं. टाका म्हटलं. टाकलं.

अभ्यास बंद झाला. कॅमेरे मीच काढून आणले, पाठीवर. सात नंबर शेवटी काढला.

६ एप्रिल

खात्यानं बायकांसाठी सकाळचे दोन तास सोडले, तेही त्यांची माणसं सोबत असली तर. बाईची झाडं तशीच होती. मी नागसेनला म्हटलं, मला येऊ दे, बाईच्या वाटणीचं मी येचतो.

"मले काऊन विचारतं? तूच सांग, जाव का नाई?"

मी म्हटलं, मला नाही माहीत.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "चाल मंग," म्हणे. जॅकेट मी अंगात घातलं नव्हतं. त्यानं मुखवटा दिला, तो घातला.

वाकून येचायला बसलो तर पाठ एकदम उघडी पडते. आतापर्यंत मला हे समजलंच नव्हतं. पाठीत गार वाटते. दर दोन फुलांनी मी मागं पाहायचो. सुगंधाबाई म्हणाली, "मान मोडन तुही. आम्ही आहो ना मागं." तिनं साहेब म्हटलं नाही. रागानं बी बोलली नाही. तेवढं पुरलं.

१२ एप्रिल

फुलं संपत आली. सगळा मोह वाळवून पोत्यात भरला अन् सरिताच्या हवाली केला. तिला आता सगळं माहीत आहे. तिनं पोतं घेतलं, पाणी विचारलं नाही. बाईला खात्याकडून मदत मिळेल म्हणतात, कागद फिरून राहिले आहेत. करंगळी हलते म्हणे. बाकीची नाही.

नागसेननं विचारलं, भद्रावतीकडे एका गोदामात माणसं पाहिजेत, जाशील काय? मी विचारलं, काम काय आहे?

"सामान उचलायचं," म्हणे, अन् त्याला एकदम कसंतरी झालं. मी म्हटलं, चालते भाऊ. जातो.

१३ एप्रिल

उद्या जयंती. टोल्यावर निळ्या पताका लागल्या. बाईला परवा घरी आणतील, तोवर मी निघालेला असेन. ओसरी झाडून ठेवली.

मायला फोन लावला.

"काऊन रे, इतके दिवस फोन नाई? मामा विचारून राह्यला. मुलीकडचे लोक येतो म्हणतात, साहेबाले पाहाले."

"येऊ नको म्हणा त्याईले. मी साहेब नाई, माय."

"मंग?"

"डॉक्टर बी नाई. मी त्या पोट्ट्याईचे कॅमेरे उचलत होतो. ते काम बी सुटलं. यावेळी पैसे कमी येतीन."

मागं कोंबड्यांचा आवाज येऊन राहिला होता.

मग हळूच म्हणाली, "जड राह्यते काय रे कॅमेरे?"

"नाई माय. एवढे काई जड नाई राह्यत."

दरवेळी पाच हजार पाठवतो. आज पाठवून राहिलो, अठराशे.